बठ्ठा हात

धुळे, मंगळवार, १८ सप्टेंबर १९३४

वकीलसाहेब, लिहायला फार उशीर झाला, त्याची माफी असावी. ही वही तुम्ही वैशाखात, आखाजीच्या सुमारास दिलीत आणि आता पोळाही होऊन गेला. तुम्ही म्हणाला होता, "आबा, हाताने काय काय होत नाही ते रोजच्या रोज लिहीत जा. भरपाईचा निकाल देणाऱ्या साहेबांपुढे उपयोग होईल." मी वही काढत होतो, पण 'मला हे होत नाही' असे लिहायला बसले की माझे मलाच ओंगळ वाटते. रडगाणे गाणारी माणसे मी जन्मभर पाहिली. त्यांच्या ओळीत जाऊन बसायचे म्हणजे जिवावर येते.

तरी लिहितो. मी उखर्डू. येथल्या एका सरकी काढायच्या जिनमध्ये यंत्रांना तेल घालायचे काम बावीस वर्षे केले. गेल्या माघात कापूस ओढणाऱ्या रुळाने माझ्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटे नेली, बारके खुंट उरले. जिनवाले म्हणतात, चालू यंत्राला तेल का घातलेस, चूक तुझी. चालू यंत्राला तेल घालू नये, हे त्यांना माझी बोटे गेल्यावर आठवले. त्याआधी यंत्र थांबवले की मुनीम लीलाधर धोतर सावरत अंगावर धावून यायचा.

आज हाताने काय झाले नाही: लंगोटाची गाठ. बस.

गुरुवार, २० सप्टेंबर

परवाचे पान वाचून पाहिले. हे वकिलाला दाखवण्यासारखे नाही. त्याला लागेल तेवढे वेगळ्या कागदावर उतरवून देईन. वही आपल्यापाशी.

तसाही हा वकील म्हणजे काय? पांझरेपलीकडे देवपुरात राहतो, मान कोंबडीसारखी, आणि म्हाताऱ्याशी बोलतानाही पुस्तकातले बोलतो. पैसे घेत नाही, हे खरे. पण पैसे न घेणारा वकील आणि दूध न देणारी म्हैस, दोन्हींवर माझा विश्वास नाही. तो म्हणतो, दोन बोटांचे जे चिल्लर बसते ते देऊन जिनवाले मोकळे होतील. हात कामातून गेला असे ठरले, तरच पुढे चूल पेटत राहील एवढे मिळेल.

हे मिळायला हवे ते माझ्यासाठी नव्हे. मला काय, म्हाताऱ्याला अर्धी भाकरी पुरते. घरात सून आहे, मंजुळा. मुलगा झुलाल तापाने गेला त्याला चार वर्षे झाली. ती माहेरी गेली नाही. का गेली नाही देव जाणे, माझ्या गोड बोलण्यासाठी तर नक्कीच नाही. काल पुन्हा म्हणाली, "आबा, दिवाळीले जिन सुरू व्हई. मी जाऊ का? बठ्ठ्या बाया जातीस."

बठ्ठ्या म्हणजे सगळ्या. सगळ्या बाया विहिरीत उडी घेतील तर ही पण घेईल. रुळाच्या तोंडाशी कापूस द्यायला बायाच बसवतात. बोटे बारीक असतात म्हणे. मी सांगितले, "दोन बोटे त्या रुळाला दिली, आणखी दहा द्यायची नाहीत. निकाल लागेपर्यंत गप बस."

गप बसली. पण भाकरी करपली.

बुधवार, ३ ऑक्टोबर

रात्री झोप नाही. भरपाईचा अर्ज कचेरीत असेल का? शिपायाने चहाच्या भांड्याखाली घातला असेल तर? मागे गेलो तेव्हा तो शिपाई कागदाच्या गठ्ठ्यावर टेकून बसला होता. त्या गठ्ठ्यातच माझा अर्ज असणार. माझे नशीब कोणाच्या बुडाखाली आहे ते मला कळले.

सरकारी डॉक्टरनेही मोठी परीक्षा घेतली. म्हणाला, "हा पेला उचला." मी उचलला. म्हणाला, "छान." पेला उचलून पोट भरते काय रे? पण त्याने छान म्हटले तेव्हा मला बरे वाटले, हेही लिहून ठेवतो. मग घरी येईपर्यंत हाच विचार, पेला उचलायला नको होता की काय.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

आज बैलबाजाराला गेलो. धनसिंग दलालाने मला बाजाराच्या दिवशी अर्धा दिवस ठेवले आहे, त्याला आता दोन महिने होतील. माझ्याशिवाय त्याचे चालत नाही. बैलाच्या खुरावरून चाल सांगणारा माणूस त्याच्याकडे दुसरा नाही.

वकिलाला हे मागे सांगितले तर तो घाबरला नाही. उलट म्हणाला, "थोडे काम करता हे लपवू नका. ते कसे होते, कुठे अडते, तेच सांगायचे." याला कायदा कळतो, जग कळत नाही. जिनवाल्यांनी पाहिले तर म्हणतील, चांगला धडधाकट आहे. म्हणून मी फेटा तोंडावरून ओढून घेतो. नुसते डोळे दिसतात.

सौदा तोंडाने होत नाही. तोंडाने भाव बोलला तर दहा गिधाडे जमतात. विकणारा रुमालाखाली दलालाचा उजवा हात धरतो आणि बोटे मोजून भाव सांगतो. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, पंजा धरला की पाच. मग घेणारा तसेच करतो. दोघांचे जुळले की दलाल रुमाल उचलतो. रुमाल उचलला की सौदा झाला, मग देव आला तरी फिरत नाही.

माझ्या हाताला तीन बोटे आणि दोन खुंट. मी माझी रीत बसवली: खुंट दाबला की बोट धरल्यासारखेच. तीन बोटे आणि एक खुंट म्हणजे चार, दोन्ही खुंट म्हणजे पाच. धुळ्याचे घेणारे आठ दिवसांत शिकले. वकील विचारतो, "मग डावा हात का देत नाही?" डाव्या हाताने सौदा! डावा हात कशासाठी असतो ते याला आईने शिकवले नाही काय?

धनसिंग सारखा माझ्या बाजूला उभा असतो. भाव कळला की म्हणतो, "आबा, माझ्या कानात सांगा," आणि मग स्वतः पुन्हा एकदा हात धरून खात्री करतो. शिकतो आहे बिचारा.

मंगळवार, २३ ऑक्टोबर

आज काय झाले ते लिहितो.

धनसिंग भाच्याच्या साखरपुड्याला शिंदखेड्याला गेला. म्हणाला, "आबा, आज फक्त माणसे बसवून ठेवा, सौदा करू नका." मी हो म्हटले. दुपारी सातपुड्याकडचा एक माणूस जोडी घेऊन आला. नाव भुरा. अंगात फाटकी बंडी, पण बैल देखणे, पांढरेशुभ्र, एकाच्या कपाळावर करडा ठिपका. दोन दिवस चालून आला होता. अशा माणसाला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवायचे? मी रुमाल टाकला.

त्याने हात धरला आणि म्हणाला, "दहाना शेत." म्हणजे दहा-दहाच्या हिशेबाने. अंगठा आणि दोन बोटे धरली. खुंटांना शिवला नाही. म्हणजे तीन दहा. मला हसू आले. एवढ्या जोडीचे तीस! डोंगरातल्या माणसाला बाजार कळत नाही हे खरे, पण इतका?

घेणारा कोण आला असेल? लीलाधर. जिनच्या गाडीला जोडी हवी होती. मी उठून जाणार होतो. पण फेटा होता. मी आवाज बदलून म्हटले, "घाला हात." त्याने घातला. तीन बोटे धरली. मी नाही म्हणून मान हलवली. मग त्याने एक खुंट दाबला. चार दहा! मागणाऱ्याने तीन मागितले आणि मी लीलाधरकडून चार काढले. मनात म्हटले, घे, बावीस वर्षांचे घे. आणि रुमाल उचलला.

लीलाधर हसला. म्हणाला, "आबा, तोंड झाकलंत, पण हात कसा झाकणार? हा हात आमच्याच यंत्राने कातरलेला आहे. अंधारात ओळखेन."

मी हात पाठीमागे नेला. तेवढ्यात त्याने पैसे भुराच्या हातावर ठेवले, आणि तो मोजून माझ्याकडे बघायला लागला.

"आबा, एक दहा कमी शे."

"कमी कसे? तू तीन मागितलेस, मी तुला चार मिळवून दिले!"

"मी पाच मांगात. मी बठ्ठा हात धरा."

"बठ्ठा कुठे धरलास? तीन बोटे धरलीस!"

त्याने माझा हात उजेडात घेतला, उलटा करून पाहिला. मग हळूच म्हणाला, "तठे तीनच व्हतात ना, आबा. माले रुमालखाल काय दिसी? जेवढा हात सापडना, तेवढा बठ्ठा धरा."

जेवढा सापडला तेवढा सगळा धरला म्हणे! भोवतीची माणसे हसली. लीलाधर तर पोट धरून. तो म्हणाला, "रुमाल उचलला, सौदा झाला," आणि जोडी घेऊन गेला. भुरा बैलांच्या मागे थोडा चालत गेला, ठिपक्याच्या बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि परत फिरला. भांडला नाही. रुमालाला मान देतात ही माणसे. अक्कल मात्र नाही. समोरच्याच्या हातात काय आहे ते चाचपून पाहायला नको? सगळ्या धुळ्याला कळते, यालाच कळत नाही.

मंगळवार, ३० ऑक्टोबर

धनसिंगने आपल्या पदरचे दहा भुराला पोचते केले म्हणे. उधळा आहे. मला म्हणाला, "आबा, आजपासून तुम्ही हौदावर बसा. बैलांना पाणी दाखवा. सावली आहे तिथे."

मी म्हटले, "सौदा कोण करेल?"

"मी करीन, आबा."

"तुला जमणार नाही."

"बघतो," म्हणाला.

हौदावर बसायला मी काय पेन्शनीतला घोडा आहे? तसाच घरी आलो. आता त्याचा बाजार कसा चालतो ते बघतोच. मंजुळाने विचारले, "लवकर उनात?" मी म्हटले, "बाजार मंदा होता."

बुधवार, १४ नोव्हेंबर

दिवाळी झाली. जिनचा भोंगा सुरू झाला. सकाळी वाजला की अंगावर काटा येतो, आणि नाही वाजला तर वाट बघतो.

लीलाधरने जिनमालकाला सांगितलेच. त्यांच्या वकिलाने लिहून दिले की अर्जदार बाजारात दलाली करतो. आमच्या कोंबडीमान्या वकिलाला मी म्हटले, "झाले! बुडालो!" तर त्याने सगळा प्रकार दोनदा विचारून घेतला आणि त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, "आबा, हाच तर पुरावा! तुमचा हात पाहून नव्हे, धरून एका माणसाला कळलं की हात पुरा नाही. त्या भुराला साक्षीला आणता येईल का?"

मी म्हटले, "तो जंगलातला माणूस. त्याला काय साक्ष देता येणार? आणि तो माझ्यासाठी का येईल?"

वकील मंजुळाकडे बघत होता. ती दाराआड उभी राहून ऐकत होती. बाईमाणसाने ऐकायचे काय असते त्यात?

बुधवार, ५ डिसेंबर

उद्या साहेबांपुढे सुनावणी. आणि आज संध्याकाळी ओट्यावर कोण? भुरा! मंजुळा बाजारात जाऊन त्याच्या गावच्या माणसांजवळ निरोप देऊन आली होती, मला न विचारता. दोन दिवस चालून आला. पायाच्या टाचा भेगाळलेल्या. येताना द्रोणात डिंक आणला. म्हणाला, "आबा, खाज्यात. हाडले ताकद येस."

बाळंतिणीला देतात तो डिंक मला. मी द्रोण कोनाड्यात सरकवून दिला. मंजुळाने त्याला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि दोनदा भाजी वाढली. मला एकदाच विचारले.

तो जेवताना म्हणाला, "धनसिंगभाऊनी पैसा धाडात. मना काही राग नही. बैल आते जिनमा शेत का?"

"जिनमध्येच आहेत," मंजुळा म्हणाली.

"सरकी खातीस ना तठे? मंग बरं शे."

बैलाच्या चाऱ्याची काळजी. स्वतःला फसवून घेतले त्याचे काही नाही.

शुक्रवार, ७ डिसेंबर

काल मी सगळ्यांची तोंडे बंद केली. कोणीतरी हे लिहून ठेवायला हवे, म्हणून मीच ठेवतो.

कचेरीत गर्दी होती. जिनची माणसे, बाजारची माणसे, कोपऱ्यात लीलाधर पान खाऊन उभा. आधी भुराला उभे केले. त्याने साहेबाला हात जोडले आणि सांगितले, "साहेब, मी बठ्ठा हात धरा. हात तीन बोटंनाच निंघना. आबाना दोष नही. हातच आर्धा शे, तर आबा काय करी?"

हात तीन बोटांचाच निघाला म्हणे, अर्धा! भर कचेरीत. मागे कोणीतरी खुसखुसले. लीलाधरने पानाची पिंक टाकायला तोंड वळवले, पण तो हसत होता, मी पाहिले. बावीस वर्षे ज्या माणसाने मला तेलाच्या डब्याएवढी किंमत दिली नाही, त्याच्यासमोर एक डोंगरातला माणूस माझी कीव करत होता.

साहेब शांत होता. मला म्हणाला, "उखर्डू, नीट विचार करून सांगा. हा म्हणतो तो घोटाळा तुमच्या हातामुळे झाला का? या हाताने तुम्हांला दलालीचे काम करता येत नाही, असे आहे का?"

आमचा वकील माझ्याकडे बघून मान हलवत होता, हो म्हणा, हो म्हणा. नंदीबैलासारखा. मंजुळा दाराशी उभी होती, पदर तोंडात धरून. तिच्याकडे बघून मला वाटले, हिच्या सासऱ्याने सगळ्यांसमोर थोटा म्हणवून घ्यायचे काय?

मी ताठ उभा राहिलो. म्हटले, "साहेब, हातात खोट नाही. खोट याच्या डोक्यात आहे. याला बाजाराची रीत कळत नाही. मी या हाताने दिवसाला दहा सौदे करतो. हव्या त्या माणसाने हात धरून बघावा."

आणि हात वर केला.

साहेबाने माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि मग लिहिले. बराच वेळ लिहीत होता. जिनच्या वकिलाला विचारले, "काही विचारायचे आहे?" तो उभा राहिला होता, तो खाली बसला. एक प्रश्न विचारायची त्याची छाती झाली नाही. आमचा वकील तर कागद गोळा करायला लागला. त्यातला एक कागद खाली पडला, तो भुराने उचलून दिला.

बाहेर आल्यावर मी भुराला म्हटले, "लागले का मनाला?" तो म्हणाला, "नही आबा. तुम्ही म्हनतस तर हात चांगलाच व्हई." आणि गावाकडे निघाला. मंजुळा त्याला नाक्यापर्यंत पोचवायला गेली. रात्री तिने डिंकाचा द्रोण कोनाड्यातून काढला आणि तुपात परतून माझ्यापुढे ठेवला. कडू लागला.

बुधवार, १९ डिसेंबर

निकाल नाही. देवपुरात जाऊन आलो. वकिलाची बायको म्हणाली, बाहेर गेले आहेत. दाराशी त्याच्या वहाणा होत्या. माझ्यापुढे यायला लाजत असेल. म्हाताऱ्याने दोन वाक्यांत जे केले ते याला सहा महिन्यांत जमले नाही.

साहेब इतका वेळ का लावतो? बहुतेक रक्कम मोठी असेल, म्हणून वरून मंजुरी घेत असेल. की शिपाई पुन्हा कागदावर बसला?

गुरुवार, ३ जानेवारी १९३५

मंजुळाचे लक्ष घरात नाही. भोंगा झाला की तव्यावरची भाकरी अर्धी टाकून उठते. म्हणते, पांझरेवर धुणे आहे. पांझरेत पाणी ते केवढे आणि ही धुते ते किती? दिवेलागणीला येते, तर धुणे कोरडेच. काल तिच्या केसांत पांढरे तंतू होते, आणि लुगड्याच्या ओच्यात एक सरकी अडकलेली. मी म्हटले, "हे काय?"

म्हणाली, "गोधडी उसवली, आबा."

घरात गोधड्या दोन. दोन्ही थंडीमुळे माझ्या अंगावर. मी रात्री दोन्ही चाचपून पाहिल्या. कुठे उसवलेली नाही. या बायकांना धड खोटेही बोलता येत नाही. कुठे कोणाच्या गोधड्या शिवायला जात असेल, चार आण्यांसाठी. मला सांगायला हिला भीती वाटते, एवढेच. दुसरे काही नाही.

खोकतेही. मी तिला सांगितले, "हात पुढे कर." तिने केले. मी बोटे मोजली. दहा आहेत. ती हसली, म्हणाली, "आबा, असं काय करतस?" मी म्हटले, "काही नाही. म्हातारचळ."

वकीलसाहेब, हे पान मी फाडून तुमच्याकडे पाठवतो आहे. वरचे वाचू नका, खालचे वाचा. काही चुकले असेल तर माफ करा. जे काय ठरले असेल ते लवकर कळवा. माणूस धाडा, नाहीतर तुम्हीच पूल ओलांडून या, मी तुम्हांला काही बोलणार नाही. थोडे मिळाले असेल तर थोडे सांगा. मिळाले नसेल तर तेही सांगा. पण आजच सांगा. आणि जमले तर सकाळच्या भोंग्याच्या आधी या. नंतर ती घरी सापडत नाही.